ट्रक ओढेल हो, पण पेलेल का? मोठा ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायच्या आधी दारावरचं स्टिकर वाचा

अमेरिकेत आपल्या ओळखीपाळखीत उन्हाळा जवळ आला की कोणीतरी हमखास विचारतं, "माझा ट्रक अकरा हजार पाउंड ओढतो असं ब्रोशरमधे लिहिलंय, मग आठ हजारवाला ट्रेलर आरामात जाईल ना?" आणि ज्याला विचारलंय तो म्हणतो हो हो बिनधास्त घे, इंजिन दणदणीत आहे तुझं. मला हे ऐकलं की खरंच काळजी वाटते, कारण त्या ट्रकमधे बायको-मुलं बसणार असतात, कधी भारतातून आलेले आई-वडील बसणार असतात, आणि मागे तीस फुटांचं घर चाकांवर येणार असतं. इंजिन ओढेल की नाही हा प्रश्नच नाहीये मुळात. आजकालचं इंजिन ओढतंच. प्रश्न असतो ट्रकच्या पाठीवर येणाऱ्या वजनाचा, आणि त्याबद्दल ब्रोशरच्या मोठ्या अक्षरातल्या आकड्यात काहीही सांगितलेलं नसतं.

म्हणून हे आकडे एकदा नीट, सावकाश समजून घेऊ. गणित चौथीतल्या बेरीज-वजाबाकीचं आहे, फक्त नावं भीतीदायक आहेत.

ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दार जिथे बंद होतं त्या खांबावर दोन स्टिकरं दिसतील. एक पांढरं-पिवळं, टायरच्या हवेचं प्रेशर लिहिलेलं. त्याच्यावर इंग्रजीत एक वाक्य असतं की माणसं आणि सामान मिळून एकूण वजन अमुक किलो किंवा अमुक पाउंडाच्या वर कधीही जाता कामा नये. हा तुमचा पेलोड. ट्रेलर घेणाऱ्या माणसासाठी अख्ख्या ट्रकवरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच असं माझं स्पष्ट मत आहे, आणि गंमत बघा, ट्रक विकत घेताना तो कोणी दाखवत नाही, आपणही बघत नाही.

हा आकडा मॉडेलचा नसतो, तुमच्या त्या एका ट्रकचा असतो. शेजाऱ्याकडे तेच मॉडेल, तेच वर्ष, तेच इंजिन असलं तरी त्याचा पेलोड वेगळा असू शकतो, कारण सनरूफ, फोर बाय फोर, मोठी कॅब, लेदरच्या पॉवर सीट्स, दार उघडलं की आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या या सगळ्याचं वजन फॅक्टरीतच पेलोडमधून वजा होतं. म्हणजे जितका महागातला ट्रिम, मॉडेलचा प्रकार, तितका तो कमी सामान पेलणार. हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं पण खरं आहे. आणि तुम्ही नंतर बेडवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यावर, कव्हर बसवलंत, पायऱ्या लावल्यात, टूलबॉक्स टाकलात तर तेही त्यातूनच वजा. डिझेल-पेट्रोलची टाकी मात्र वेगळी धरायची नाही, ती भरलेली आहे असं धरूनच आकडा काढलेला असतो.

दुसऱ्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर असतो, म्हणजे माणसं, सामान, ट्रेलरचा भार सगळं धरून तो ट्रक स्वतः जास्तीत जास्त किती वजनाचा होऊ शकतो ती मर्यादा. त्याच्याच बाजूला पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची वेगवेगळी मर्यादा लिहिलेली असते, तिला जीएडब्ल्यूआर म्हणतात. भारतातले ट्रक आठवत असतील तर त्यांच्या बाजूला रंगाने रिकामं वजन आणि भरलेलं वजन लिहिलेलं असतं, मुद्दा तोच. तिसरा एक आकडा जीसीडब्ल्यूआर, तो बऱ्याचदा दारावर नसतो, मॅन्युअलमधे किंवा कंपनीच्या टोइंग गाइडमधे शोधावा लागतो, तो म्हणजे ट्रक अधिक ट्रेलर अशा अख्ख्या जोडगोळीची मर्यादा.

आता मुख्य गोष्ट, आणि गाडी अडते ती बहुतेक इथेच.

ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. त्याचं पुढचं टोक ट्रकच्या मागच्या हिचच्या, म्हणजे जोडणीच्या, बॉलवर टेकलेलं असतं आणि तिथून जो भार खाली येतो त्याला टंग वेट म्हणतात. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरचं हे टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. कमी करून चालत नाही, दहा टक्क्यांच्या खाली गेलं की हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, बाजूने मोठा ट्रक गेला किंवा उतारावर वेग वाढला की ते डुलणं वाढत जातं आणि मग ट्रकलाच ओढून नेतं. त्यामुळे मी हिशोबाला १३ टक्के धरतो. आणि हे टंग वेट संपूर्णपणे तुमच्या पेलोडमधून जातं, म्हणजे मागच्या सीटवर बसलेल्या माणसासारखंच ते ट्रकला उचलावं लागतं.

मग बघा. समजा ट्रकची टो रेटिंग, म्हणजे ब्रोशरमधला ओढायचा आकडा, ११,००० पाउंड आहे आणि दारावरचा पेलोड १,५५० पाउंड, म्हणजे साधारण ७०० किलो. हाफ-टन ट्रकमधे, म्हणजे एफ-१५० किंवा १५०० वाल्यांमधे, ही जोडी अगदी नेहमीची आहे. खरोखर ११,००० चा ट्रेलर लावला तर १३ टक्क्यांनी टंग वेट होतं १,४३०. उरले १२० पाउंड. त्यात ड्रायव्हरसुद्धा बसणार नाही.

मग कंपनी खोटं बोलते का? नाही, आणि हे नीट समजून घेतलं पाहिजे. टो रेटिंग काढायची एक ठरलेली पद्धत आहे, वाहन इंजिनिअरांच्या एसएई या संघटनेची, तिचं नाव जे-२८०७. टोयोटाने २०११ च्या टुंड्रापासून ही पद्धत आधी स्वीकारली, फोर्ड, जीएम आणि रॅम काही वर्षांनी आले. त्यात ॲरिझोनामधला डेव्हिस डॅमचा घाट चढवतात, अकरा-बारा मैलांत साधारण ३,००० फूट चढण, बाहेर १०० डिग्री फॅरनहाइट, एसी फुल्ल, आणि हाफ-टन ट्रकचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. परीक्षा कडकच आहे. पण ती इंजिनची, गिअरबॉक्सची, थंड राहण्याची, ब्रेकची आणि हाताळणीची. ट्रकमधे माणसं किती धरतात? दोन, प्रत्येकी १५० पाउंड. टंग वेट धरतात फक्त १० टक्के. सामान जवळजवळ नाहीच. तुमची दोन मुलं, आजी, कूलर, सायकली, शेगडी, कुत्रा हे त्या आकड्याला माहीतच नाही. आकडा खरा आहे, पण तो तुमच्या कुटुंबाचा नाहीये.

आता ट्रेलरच्या बाजूला या. डीलर सांगतो ते ड्राय वेट, रिकामं वजन. त्यात पाणी नसतं, तुमचं एकही भांडं नसतं, बऱ्याचदा बॅटरी आणि भरलेले प्रोपेनचे सिलिंडरही नसतात. पाणी एका गॅलनला ८.३ पाउंडाच्या आसपास, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंडाच्या वर गेलं. ३० पाउंडाचा प्रोपेन सिलिंडर भरलेला उचलून बघा, टाकीसकट पन्नासच्या पुढे जातो, आणि असे दोन असतात, आणि ते दोन्ही आणि बॅटरी बरोबर टंगवरच बसवलेले असतात, म्हणून ब्रोशरमधलं ड्राय टंग वेट तर मी बघतच नाही, त्याचा काही उपयोग नाही. मग गाद्या, चादरी, खुर्च्या, कुकर, पोळपाट-लाटणं, डाळ-तांदूळ, आपली माणसं काय चार ब्रेडच्या स्लाइस घेऊन निघत नाहीत. ट्रेलरवरही स्टिकर असतं, त्याचा स्वतःचा जीव्हीडब्ल्यूआर आणि आत किती सामान चालेल तो आकडा. माझा सल्ला सरळ आहे, खरेदीआधी हिशोब करताना ड्राय वेट विसरा आणि ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर धरा. प्रत्यक्षात थोडं कमी भरलं तर चांगलंच आहे.

एक अख्खं उदाहरण करू. ट्रक हाफ-टन, चार दारांचा, फोर बाय फोर. जीव्हीडब्ल्यूआर ७,०५०, पेलोड १,५५०, म्हणजे रिकामा ट्रक ५,५०० पाउंडाचा. मागच्या ॲक्सलची मर्यादा ४,०५०. जीसीडब्ल्यूआर १७,०००, टो रेटिंग ११,०००. ट्रेलर मुलांसाठी बंक बेड असलेला तीस फुटी, ड्राय वेट ६,४००, जीव्हीडब्ल्यूआर ८,२००, आणि सामान भरून प्रत्यक्षात ७,६०० झालाय. १३ टक्क्यांनी टंग वेट ९९० धरू. ट्रकमधे नवरा १७०, बायको १४०, मुलं ९० आणि ७०, आणि उन्हाळ्याचे सहा महिने आलेली आजी १३०, बेरीज ६००. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे भार पुढेमागे वाटून देणारी जोडणी, स्वतःच ९० पाउंडाचा. बेडवरचं कव्हर ७०. बेडमधे जनरेटर, कूलर, लाकडं, मुलांच्या सायकली मिळून २००. आता सगळं मिळवा, ९९०, ६००, ९०, ७०, २००. झाले १,९५०. पेलोड १,५५०. चारशे पाउंड जास्त!

आणि बाकीचे आकडे बघाल तर सगळं छान दिसतं. ट्रेलर ७,६००, टो रेटिंग ११,०००, भरपूर जागा. ट्रक-ट्रेलरची एकूण बेरीज १४,०६०, मर्यादा १७,०००, इथेही भरपूर जागा. चढावर इंजिन मस्त ओढतंय, ड्रायव्हरला काहीच कळत नाही. पण मागची स्प्रिंग दबलेली, मागचा ॲक्सल मर्यादेच्या पुढे, आणि पुढची चाकं हलकी झालेली, म्हणजे वळवायला आणि ब्रेक मारायला ज्या चाकांवर वजन हवं तिथेच ते कमी. नेहमीच्या दिवशी हे निभावतं. अचानक पुढचा थांबला, किंवा वारा आडवा आला, तेव्हा निभावत नाही.

इथे लोक म्हणतात, अरे पण वेट डिस्ट्रिब्यूशन हिच आहे ना. तो हवाच, मोठ्या ट्रेलरला त्याच्याशिवाय जाऊच नये. त्याच्या दोन दांड्या ताणल्या की मागच्या ॲक्सलवरचा थोडा भार पुढच्या ॲक्सलवर जातो आणि थोडा मागे ट्रेलरच्या चाकांवर जातो. ट्रकच्या मागे खाली हिच बसवायचा जो रिसीव्हर असतो त्याच्यावरचं छोटं स्टिकर वाकून वाचा, बऱ्याच हाफ-टन ट्रकवर साध्या बॉलला फक्त ५,००० पाउंड ट्रेलर आणि ५०० पाउंड टंग वेट लिहिलेलं असतं, आणि मोठा आकडा फक्त हा हिच लावला तरच. पण तो पेलोड वाढवत नाही. भार इकडचा तिकडे करतो, वरच्या उदाहरणात शे-दोनशे पाउंड ट्रकवरून ट्रेलरच्या चाकांवर ढकलेल, चारशे नाही ढकलणार. तसंच एअरबॅगचं. मागच्या स्प्रिंगवर हवेच्या पिशव्या लावल्या की ट्रक सरळ दिसतो, दबलेला दिसत नाही, आणि त्यामुळे उलट खोटा धीर येतो, कारण ॲक्सल, चाकं, ब्रेक, फ्रेम सगळं तेच आहे आणि दारावरचा आकडाही तोच आहे. जास्त ताकदीचे टायर घातले तरी तेच. दोन्ही ॲक्सलच्या मर्यादांची बेरीज जीव्हीडब्ल्यूआरपेक्षा जास्त येते म्हणून तेवढं भरता येतं असाही एक युक्तिवाद असतो, तो मला पटत नाही, ती सूट भार पुढेमागे कमीजास्त होण्यासाठी ठेवलेली असते.

हिशोब कागदावर झाला की काट्यावर जा. आपल्याकडे साखर कारखान्यात उसाची ट्रॉली आधी भरलेली आणि मग रिकामी काट्यावर घालतात आणि वजाबाकीने ऊस किती ते काढतात, अगदी तसंच इथे करायचं असतं. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात, उंच पिवळा-काळा बोर्ड लांबून दिसतो. त्यात एकापाठोपाठ एक वेगळे प्लॅटफॉर्म असतात. ट्रकची पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर येतील असं उभं राहायचं, उतरून एकदा बघून घ्यायचं की कुठलंही चाक फटीवर नाही ना. मग इंटरकॉमचं बटण दाबायचं (ते सेमी, म्हणजे मोठ्या मालवाहू ट्रकच्या उंचीवर असतं, खाली उतरूनच दाबावं लागेल) किंवा त्यांच्या ॲपवरून वजन मागवायचं. खर्च एका जेवणाइतकाही नाही, आणि लगेच परत वजन केलं तर त्याचे पैसे अजून कमी. मागे सेमीवाले थांबलेले असतात म्हणून घाबरून घाईघाई करू नका, शक्यतो सकाळी लवकर जा.

तीनदा वजन करा. एकदा सगळं जोडून, हिचच्या दांड्या ताणून. एकदा दांड्या सैल करून. एकदा ट्रेलर पार्किंगमधे सोडून नुसता ट्रक. प्रत्येक वेळी माणसं आतच बसलेली हवीत. आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाचं असं आलं समजा: नुसता ट्रक पुढे ३,२६० मागे ३,२००, बेरीज ६,४६०. दांड्या सैल असताना पुढे २,८९० मागे ४,५६०, बेरीज ७,४५०. या दोन बेरजांतला फरक ९९०, हेच तुमचं खरं टंग वेट, अंदाज नाही. आणि पुढची चाकं किती हलकी झाली बघा, ३७० पाउंडांनी. आता दांड्या ताणून पुढे ३,०८०, मागे ४,१९०, ट्रेलर ६,७९०. म्हणजे हिचने काम केलं, पुढे १९० परत आणले, १८० ट्रेलरकडे पाठवले. पण ट्रकची बेरीज ७,२७०, मर्यादा ७,०५०, आणि मागचा ॲक्सल ४,१९०, मर्यादा ४,०५०. चांगला हिच, नीट बसवलेला, तरी दोन्हीकडे जास्त.

मग काय करायचं? काही सामान बेडमधून ट्रेलरमधे, ट्रेलरच्या चाकांच्या आसपास हलवता येतं, पाणी कॅम्पग्राउंडला पोचून भरता येतं, पण आधी टाकी कुठे आहे ते बघा, कारण ती चाकांच्या मागे असेल तर रिकामी केल्यावर टंग वेट उलट वाढतं. हे सगळं करून थोडंफार सुटतं. नाहीतर लहान ट्रेलर किंवा मोठा ट्रक.

मोठा ट्रक म्हणजे थ्री-क्वार्टर टन, एफ-२५० किंवा २५०० वाले. इथेही एक खाचखळगा आहे. बऱ्याच थ्री-क्वार्टर टनांचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पाउंडावर थांबवलेला असतो आणि डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कित्येकशे पाउंड जड असतं, ते वजन पेलोडमधूनच जातं, त्यामुळे भारी ट्रिमचा डिझेल ट्रक अठरा-वीस हजार पाउंड ओढायच्या गप्पा मारतो आणि दारावर पेलोड दोन हजाराच्या आसपासच निघतो. त्याच कंपनीचा साधा पेट्रोल इंजिनवाला ट्रक कितीतरी जास्त पेलतो. आणि फिफ्थ व्हील, म्हणजे बॉलऐवजी ट्रकच्या बेडमधे जोडला जाणारा ट्रेलर, घ्यायचा विचार असेल तर त्याचा भार १५ ते २५ टक्के ट्रकच्या बेडमधे येतो, तिथे सरळ वन-टन बघा, एफ-३५० किंवा ३५००, माझं तरी हेच मत आहे.

थोडं बाकीचं. घाटात उंचीवर साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी कमी होते, कोलोरॅडोत आय-७० वरून आयझेनहॉवर टनेलला जाताना तुम्ही ११,००० फुटांच्या वर असता, तिथे कागदावरची रेटिंग कमी उंचीवरची समजा. ट्रेलरसाठीच्या खास टायरपैकी (त्यांच्यावर एसटी लिहिलेलं असतं) बरेच ताशी ६५ मैलांपर्यंतच रेट केलेले असतात, साइडवॉलवर बघा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ आहे, आणि ट्रॅव्हल ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० च्या वर असेल तर साधं क्लास सी लायसन्स चालत नाही, नॉन-कमर्शियल क्लास ए लागतं. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, आपल्या डीएमव्हीच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याच्या, हँडबुकमधे बघून घ्या.

ट्रेलर अजून घेतला नसेल तर सगळ्यात सोपा मार्ग उलट्या दिशेने जायचा. टाकी फुल्ल करा, सगळ्यांना ट्रकमधे बसवा, नेहमी बेडमधे जे असतं ते ठेवा, आणि नुसता ट्रक काट्यावर घाला. आपल्या कुटुंबाचा आला असता ६,३७०. त्यात हिचचे ९० मिळवा, ६,४६०. जीव्हीडब्ल्यूआर ७,०५० मधून वजा केले की उरतात ५९०. टंग वेटसाठी एवढेच उरले. त्याला ०.१३ ने भागा, येतात साधारण ४,५००. अकरा हजार ओढणारा हा ट्रक या पाच माणसांसकट साडेचार हजार जीव्हीडब्ल्यूआरचा ट्रेलर निवांत नेईल. बेडमधलं २०० पाउंडाचं सामान ट्रेलरमधे टाकलं तर तो आकडा सहा हजारापर्यंत जातो, पण मग ते सामानही त्या सहा हजारातच बसवायचं. हा आकडा फोनमधे लिहून ठेवा आणि मगच आरव्हीच्या, म्हणजे असे ट्रेलर विकणाऱ्या डीलरच्या, लॉटवर पाय ठेवा, आणि आत शिरण्याआधी प्रत्येक ट्रेलरचं बाहेरचं स्टिकर वाचा.